आधी टकटक मोजा, मग स्क्रू फिरवा: छोट्या आरसी ट्रकच्या गिअरमधला आवाज कसा शोधायचा

मे महिन्यात कोकणातून परत आलो आणि माझा आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा खेळण्यातला ट्रक टक्... टक्... टक् वाजायला लागला. १:१८ मापाचा (खऱ्या गाडीच्या अठराव्या भागाइतका), चारही चाकांना शाफ्टने गती जाणारा ट्रक. ३८० आकाराची ब्रश मोटर (आत कार्बनचे ब्रश घासणारी), ७.४ व्होल्टची लायपो बॅटरी. हळू चालवला की टकटक सुटी सुटी ऐकू यायची, वेग वाढवला की तिची खरखर व्हायची. मी स्पर गिअर (मोटरकडून गती घेणारा मोठा गिअर) बदलला, आवाज तसाच. मग पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) बदलला, तरी आवाज तसाच. मोटर मागवायच्या बेतात होतो.

माझा भाचा फरशीवर बसून ट्रक हाताने ढकलत होता. तो म्हणाला, "मामा, एका फरशीत कधी दोनदा वाजतं, कधी तीनदा." आमच्या घरात दोन फुटी फरशा आहेत, ६०० मिमीच्या. ट्रकच्या टायरचा व्यास ८० मिमी, म्हणजे परीघ साधारण २५१ मिमी. एका फरशीत चाकाचे २.४ फेरे होतात. दोनदा-तीनदा वाजणं म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका. स्पर किंवा पिनियन चाकाच्या वेगाने फिरत नाहीत, त्याच्या कितीतरी पट फिरतात. ते दोन्ही गिअर मी विनाकारण बदलले होते.

मागचा डिफ (डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) उघडला. टॉर्च मारून भिंगातून पाहिलं तर मोठ्या गिअरच्या दोन दातांमधल्या खाचेत मोहरीच्या निम्म्या आकाराचा तांबडा खडा रुतून बसला होता. जांभ्याचा. भोवतीचं ग्रीस विटकरी झालेलं. टूथपिकने खडा काढला, आवाज गेला. तेव्हापासून कुणाचाही ट्रक दुरुस्तीला आला की मी आधी तो फरशीवर ढकलतो आणि ठोके मोजतो. ती सगळी पद्धत इथे मांडतो.

गिअर नसलेले आवाज आधी बाजूला काढा

पहिली बॅटरी वरची बॉडी काढून चालवा. बॉडीची क्लिप सैल असेल, टायर फेंडरच्या आतल्या कडेला घासत असेल किंवा बॅटरी खोबणीत हलत असेल, तर आवाज हुबेहूब गिअरसारखा येतो. पॉलिकार्बोनेटची पातळ बॉडी ढोलकीच्या पुडीसारखी असते, चासीमधली बारीकशी थरथरही मोठी करून ऐकवते.

ट्रक जागेवर उभा आहे, थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा ट्रिगर) जेमतेम दाबलाय आणि आतून बारीक 'सूंऽऽ' येतोय, तर तो आवाज मोटरमधला असतो. स्पीड कंट्रोलर ब्रश मोटरला वीज तुकड्या-तुकड्यांनी देतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून, आणि मोटर त्या सुरात गुणगुणते. त्यात दोष काही नाही. स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) टोकाला अडकला की तोही घुंगुरमाशीसारखा घुमतो. स्टिअरिंग सरळ केल्यावर आवाज थांबला, तर डिफ उघडायची गरज नाही.

फरशीवरची मोजणी

बॅटरीचा प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, बोटं गिअरजवळ जाणार आहेत. एका चाकावर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा आणि टायरचा व्यास मोजा. आता ट्रक सरळ रेषेत, सावकाश ढकला. वळवू नका. वळताना डिफमुळे डावं-उजवं चाक वेगवेगळं फिरतं आणि हिशोब बिघडतो. ट्रक उचलून एकच चाक फिरवण्याचा मोहही टाळा. दुसरं चाक धरलेलं असेल तर डिफचा मोठा गिअर तुमच्या चाकाच्या निम्म्याच वेगाने फिरतो, म्हणजे मोजणी पहिल्या पावलालाच चुकते.

आता दात मोजायचे. सुट्या भागांच्या यादीत आकडे असतात, नाहीतर कव्हर काढून एका दातावर मार्करचा ठिपका द्या आणि मोजत जा. समजा मोटरच्या पिनियनला १५ दात आहेत आणि स्परला ६०. स्पर मधल्या शाफ्टवर बसलाय. शाफ्टच्या टोकाच्या छोट्या बेव्हल गिअरला (गती काटकोनात वळवणारा, तिरक्या दातांचा गिअर) १० दात आणि डिफच्या मोठ्या बेव्हल गिअरला ३०. मग चाकाच्या एका फेऱ्यात डिफचा मोठा गिअर एकदा फिरतो, मधला शाफ्ट, छोटा बेव्हल आणि स्पर तीनदा फिरतात, आणि मोटरचा पिनियन बारा वेळा.

निदान यातूनच होतं. फेऱ्याला एक ठोका आला तर डिफचा मोठा गिअर, ॲक्सल किंवा खुद्द चाक तपासा. तीन ठोके आले तर स्परचा एखादा दात, छोटा बेव्हल किंवा मधला शाफ्ट. बारा ठोके मोजणं कानाला जड जातं, म्हणून चाक पावच फेरा फिरवा. त्यात तीन ठोके आले तर बिघाड पिनियनचा. शाफ्टला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट (वाकलेल्या कोनातही गती देणारे सांधे) असतील आणि ते एकमेकांच्या रेषेत बसवलेले नसतील, तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला दोन झटके बसतात, म्हणजे या हिशोबात चाकाच्या फेऱ्याला सहा.

तुमच्या ट्रकचे आकडे इतके गोल नसतील. ३७ आणि १३ अशा जोड्या सर्रास असतात आणि त्या मुद्दाम घेतलेल्या असतात. दोन्ही संख्यांना १ सोडून समान भाजक नसला की तेच दोन दात पुन्हा भेटायला मोठ्या गिअरला १३ फेरे मारावे लागतात, आणि झीज सगळ्या दातांवर सारखी पसरते. याचा एक परिणाम गोंधळात टाकतो. दोन्ही गिअरचा एकेक दात थोडासा दुखावलेला असेल आणि ते दोघे भेटतात तेव्हाच आवाज येत असेल, तर ठोका १३ फेऱ्यांनी एकदा येतो. जोडी डिफची असेल तर ८० मिमी टायरला म्हणजे सव्वातीन मीटरने एकदा. असा आवाज 'कधीमधीच येतो' म्हणून सोडून दिला जातो. खरं तर तो अगदी घड्याळासारखा नियमित असतो.

ट्रक पुढे ढकलून झाला की मागेही ओढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. मोटर ट्रकला पुढे पळवते तेव्हा दातांची एक बाजू दाबली जाते. तुम्ही ट्रक हाताने पुढे ढकलता तेव्हा चाकं मोटरला फिरवतात, म्हणजे दाब दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. ट्रक हाताने मागे ओढला की दाब परत पहिल्याच बाजूवर येतो. पुढे ढकलताना गप्प आणि मागे ओढताना टकटक, असं असेल तर दातांची पळण्याची बाजू खराब झाली आहे. तळहाताने चासी हलकेच दाबून ओढा, म्हणजे गिअरवर थोडा भार येईल.

मोजताना एक बारीक खरबरीतपणा हाताला जाणवेल. तो मोटरमधल्या चुंबकांचा आहे. साध्या तीन ध्रुवांच्या ब्रश मोटरला एका फेऱ्यात सहा ठिकाणी अडल्यासारखं होतं. आपल्या उदाहरणात चाकाच्या फेऱ्याला ते बहात्तर होतात. तो दोष धरू नका. फार आड येत असेल तर मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन स्परपासून दूर सरकवा आणि पुन्हा ओढा. आवाज गेला तर बिघाड मोटर, पिनियन किंवा पिनियन-स्परच्या भेटीत. राहिला तर मोटरकडे पुन्हा बघायचं कारण नाही.

पुढचा डिफ की मागचा हे फरशीवरून कळत नाही, कारण मधल्या शाफ्टने दोन्ही एकत्र फिरतात. ज्या टोकाचे डॉगबोन (डिफपासून चाकापर्यंत जाणारे, टोकांना पिन असलेले छोटे दांडे) किंवा मधला शाफ्ट सहज निघतो ते टोक सोडवा आणि पुन्हा ढकला. ढकलताना कानाजवळ धरायला फूटभर बारीक रबरी नळी ठेवा. एक टोक कानाशी, दुसरं गिअरबॉक्सच्या अंगाला. गॅरेजमधले जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावतात, तेही चालतं, पण मोटर चालू असताना तसं कधीच करू नका.

आवाजाची जात

मोजणीने भाग कळतो, आवाजाच्या जातीने त्या भागाला काय झालंय ते कळतं. सुटा 'टक्' म्हणजे तुटलेला दात किंवा अडकलेला खडा. थ्रॉटल जोरात दिल्यावरच येणारा 'टर्रर्र' म्हणजे दात एकमेकांवरून घसरताहेत, आणि हा आवाज आला की ट्रक तिथेच थांबवा, कारण एकेक टर्रर्रीत दातांची टोकं खरवडून निघतात. वेगाबरोबर चढत जाणारी 'चींऽऽ' म्हणजे फट फारच कमी, किंवा मोटरचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) कोरडा. भरड 'घरघर' म्हणजे बेअरिंगमध्ये वाळू. पुढे-मागे करतानाच एकदा 'खट्' होणं म्हणजे कुठेतरी ढिलाई, बहुतेक वेळा चाकाच्या हेक्समध्ये (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा). फक्त वळताना येणारी 'कटकट' पुढच्या डॉगबोनची किंवा युनिव्हर्सलची.

मोटर आणि पिनियन

मोटरबद्दल थोडक्यात. मोटर बाहेर काढा, पिनियनसकट हातात घट्ट धरा आणि अगदी कमी थ्रॉटलवर फिरवा. आवाज स्वच्छ असेल तर ती ठीक आहे. बुश कोरडा असेल तर शाफ्टच्या मुळाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, सुईच्या टोकाने. कम्युटेटरवर (मोटरच्या आत ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) तेल गेलं तर कार्बनची पूड चिकटून काळा लगदा होतो. नवी ब्रश मोटर असेल तर दोन साध्या सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर, काही मिनिटं बिनभाराची फिरवा, ब्रश कम्युटेटरच्या गोलाईवर नीट बसतात.

पिनियन मोटरच्या शाफ्टवर घसरत नाही ना ते पाहा. बारीक खिळेवजा स्क्रूने बसणारा पिनियन असेल तर तो स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच टेकला पाहिजे. ३ मिमीच्या अशा स्क्रूला १.५ मिमीची ॲलन की लागते. की झिजलेली असेल तर स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तासभर जातो. स्वस्त ट्रकमध्ये पिनियन नुसता ठोकून बसवलेला असतो. तो पकडीने ओढू नका, शाफ्ट वाकतो. पुलर, म्हणजे पिनियन सरळ उपसून काढायचं साधन वापरा.

गिअर बदलले असतील तर दातांचं माप जुळतं का बघा. ते पिच (इंची) किंवा मॉड्यूल (मेट्रिक) मध्ये सांगतात. ४८ पिचचा गिअर आणि ०.५ मॉड्यूलचा गिअर टेबलावर शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. पण ०.५ मॉड्यूल म्हणजे ५०.८ पिच. दोघं एकत्र फिरतील, ओरडतील आणि प्लॅस्टिकचा गिअर काही दिवसांत दात गमावेल. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र इतके जवळचे आहेत की बहुतेकदा खपून जातात.

दातांमधली फट

कागदाची पट्टी ही जगभरची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पिनियन आणि स्परच्या मध्ये कागदाची पट्टी घाला, मोटर स्परवर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, तो मोठ्या दातांना ठीक. १:१८ आणि त्याहून छोट्या ट्रकच्या बारीक दातांना मी वर्तमानपत्राचा कागद घेतो. बाहेर आलेल्या पट्टीवर सारख्या अंतरावर चुण्या दिसायला हव्यात. कागद फाटला तर फट कमी, चुणी उमटलीच नाही तर जास्त.

लेखांमध्ये सहसा सुटतं ते हे: प्लॅस्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. एका जागी फट नेमकी ठेवली आणि अर्ध्या फेऱ्यावर दात आवळले गेले, तर फेऱ्याला एकदा 'घूं' असा चढउतार ऐकू येतो. म्हणून आधी स्पर सावकाश पूर्ण फिरवा, बोटाला सर्वांत घट्ट लागेल ती जागा शोधा, तिथे मार्करचा ठिपका द्या आणि कागदाची फट त्याच जागी ठेवा. बाकी ठिकाणी ती थोडी सैल राहील, चालेल. शेवटी पिनियन बोटाने धरून स्पर मागे-पुढे हलवा. हलका, ऐकू येण्याइतका 'टिक' हवा. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट फट बॅटरी आणि मोटर दोन्ही तापवते. दहा मिनिटं चालवून मोटरवर बोट ठेवा. दोन-तीन सेकंदही ठेवता येत नसेल तर आधी फट तपासा, मग बाकीचं.

उघड्या स्पर-पिनियनला ग्रीस लावायची सवय सोडा. आपल्याकडच्या मातीत ते ग्रीस एका फेरफटक्यात रंधा होतं. कोरडं टेफ्लॉन स्प्रे चालेल, किंवा काहीच नको.

डिफ उघडताना

डिफ काढण्याआधी फोनने फोटो घ्या, विशेषतः मोठा गिअर कोणत्या बाजूला आहे त्याचा. बऱ्याच ट्रकमध्ये डिफ उलटाही बसतो, आणि तसा बसला तर पुढची चाकं पुढे आणि मागची मागे फिरतात. तसा जोडून थ्रॉटल दिला तर क्षणात दात जातात. त्यामुळे जोडून झाल्यावर बॅटरी लावण्याआधी ट्रक उचला, एका टोकाची दोन्ही चाकं एकदम पुढे फिरवा आणि दुसऱ्या टोकाची चाकं कोणत्या दिशेला जातात ते पाहा.

उघडल्यावर लगेच पुसू नका. आधी ग्रीस बघा. काळं ग्रीस हे जुनेपण, करडी चमक म्हणजे धातूची झीज, पांढरट भुकटी म्हणजे प्लॅस्टिक खरडलं गेलंय, तांबडेपणा म्हणजे माती किंवा गंज. माझ्या ट्रकमध्ये खड्याच्या जागेपासून ग्रीसवर एक विटकरी पट्टा गोल फिरलेला होता, खडा दिसायच्या आधी मला तो पट्टाच दिसला. मग जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने गिअर स्वच्छ करा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, बॉडीच्या पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात आणि काही गिअरबॉक्सच्या प्लॅस्टिकलाही.

दात शाबूत आहेत, खडा नाही, तरी जोर दिला की टर्रर्र होतं? मग दोन बेव्हल गिअर एकमेकांपासून लांब आहेत. याचा उपाय म्हणजे शिम, कागदासारख्या पातळ चकत्या, ०.१ किंवा ०.२ मिमीच्या. मोठा गिअर ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या बेअरिंगमागे चकती घातली की डिफ छोट्या गिअरकडे सरकतो. जितकी इथे वाढवाल तितकी दुसऱ्या बाजूने कमी करा, नाहीतर खोका बंद करताना बेअरिंगच दाबले जातील. एकदम ०.२ घालू नका. ०.१ घाला, खोका बंद करा, फिरवून बघा.

किती सरकवायचं ते मार्कर सांगतो. मोठ्या गिअरच्या चार-पाच दातांवर परमनंट मार्करने रंग द्या, जोडा, हाताने थोडा भार देत दहा-बारा फेरे फिरवा आणि पुन्हा उघडा. रंग दाताच्या मधोमध घासला गेला असेल तर बैठक नीट आहे. फक्त बाहेरच्या काठावर घासला गेला तर मोठा गिअर छोट्याच्या अजून जवळ यायला हवा, फक्त आतल्या काठावर घासला गेला तर तो जास्त जवळ गेलाय. यात एखादी संध्याकाळ सहज जाते, पण इतर कोणत्याही कामाने डिफ इतका शांत होत नाही. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनमधून चकती कापता येते, तिची जाडी साधारण ०.१ मिमी भरते. पण ती निदानापुरती. ॲल्युमिनियम लवकर चिरडतं, नंतर स्टीलची चकती घाला.

मोठ्या आणि छोट्या बेव्हलला चिकट ग्रीस लावा, दातांच्या खाचा निम्म्या भरतील इतकंच. डिफच्या पोटातले बारीक गिअर सीलबंद असतील तर तिथे सिलिकॉन तेल असतं. ते घट्ट-पातळ केल्याने वळण्याची वागणूक बदलते, आवाजावर त्याचा फारसा परिणाम नाही.

बेअरिंग

बेअरिंगचा आवाज मोजताना पूर्ण आकड्यात बसत नाही, आणि नेमकं त्यामुळेच तो ओळखू येतो. बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात पडणारे ठोके साधारण गोळ्यांच्या संख्येच्या ०.४ पट असतात. सात गोळ्या असतील तर २.८. हे तीनच्या इतकं जवळ आहे की एखाद्या फेऱ्यात फरक कळत नाही, आणि माणूस स्पर उघडून बसतो. म्हणून दहा फेरे मोजायचे, ८० मिमी टायरला अडीच मीटर. तीस ठोके आले तर गिअर, अठ्ठावीसच्या आसपास आले तर चाकाजवळचं बेअरिंग.

संशय आला की बेअरिंग बाहेर काढून आतलं कडं बोटाच्या नखावर अडकवून फिरवा. सुरळीत, गुळगुळीत आणि जवळजवळ निःशब्द फिरलं पाहिजे. खरबरीत लागलं तर पिनेने कडेची पातळ झाकणी काढा, अल्कोहोलमध्ये घुसळा, पूर्ण वाळू द्या आणि हलक्या तेलाचा एक थेंब टाका. दोनदा धुऊनही खरबरीत राहिलं तर बदला. बाजारातल्या साध्या बेअरिंगच्या दुकानातही ही मिळतात. माप आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी या क्रमाने सांगायचं: ४×८×३ म्हणजे एमआर८४झेडझेड, ५×१०×४ म्हणजे एमआर१०५झेडझेड. झेडझेड म्हणजे धातूची झाकणी. पाण्याचिखलात चालवत असाल तर रबरी झाकणीचं, म्हणजे २आरएस मागा. समुद्राच्या वाळूत चालवला असेल तर त्याच रात्री सगळी बेअरिंग काढून धुवा. सकाळपर्यंत थांबलात तर मिठाने गंजाची पहिली पुटं धरलेली असतात.

चाकं, हेक्स आणि डॉगबोन

चाकाचा नट काढा आणि हेक्स उपसून त्यामागची बारीक आडवी पिन बघा. प्लॅस्टिकच्या हेक्समधली खाच झिजून रुंद झाली की प्रत्येक वेळी पुढे-मागे करताना 'खट्' होतं. हेक्स बदलायला पाच मिनिटं लागतात. पिन हरवली असेल तर चाक फक्त नटाच्या जोरावर फिरतं आणि भार आला की किंचाळतं.

पुढच्या डॉगबोनसाठी ट्रक उचला, स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा आणि ते पुढचं चाक हाताने फिरवा. मग सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबू देऊन तसंच करा. डॉगबोनची पिन कपाच्या (ती ज्यात बसते त्या वाटीच्या) काठाला लागत असेल तर तिथे चमकदार ओरखडा दिसेल. स्टिअरिंगचा शेवट ट्रान्समीटरवरून थोडा आधी थांबवा. कपात खाच पडली असेल तर कप बदलल्याशिवाय आवाज जाणार नाही.

ॲक्सियलचा एससीएक्स२४ किंवा ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४एम यांसारखा छोटा क्रॉलर (दगडांवरून सावकाश चढणारा ट्रक) असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. यांचे ॲक्सल लॉक केलेले असतात, डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरतं, त्यामुळे घरातल्या फरशीवर वळताना टायर घासून चरचरणारच. तो आवाज गिअरचा समजू नका, गालिच्यावर वळवून बघा, बराच कमी होईल. दुसरं, मधले शाफ्ट एकात एक सरकणारे असतात आणि त्यांच्या जॉइंटमधला बारीक स्क्रू मागे येऊन गिअरबॉक्सला ठोकतो. चकचकीत ओरखडा दिसला तर दोषी तोच.

पुन्हा जोडताना

प्लॅस्टिकमध्ये जाणारा प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांच्या तोंडाशी आला की हाताला बारीक 'खट्' लागतं. तिथून सरळ फिरवा. असं न करता सरळ दाबून आवळला तर नवे आटे पडतात, दोन-तीनदा तसं झालं की भोकच जातं आणि खोका जोर आल्यावर उघडून पुन्हा टर्रर्र सुरू होतं. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त धातूच्या धातूतल्या स्क्रूला, म्हणजे मोटरच्या आणि पिनियनच्या. प्लॅस्टिकला ते लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने ठिसूळ होतं.

जोडून झाल्यावर तीच मोजणी पुन्हा करा, पुढे आणि मागे, चार फरशा. मग चाकं वर उचलून अगदी कमी थ्रॉटल द्या. पूर्ण थ्रॉटल हवेत कधीच नको. एक चाक अडकलं तर डिफमुळे दुसरं दुप्पट वेगाने फिरतं आणि बोटं तिथेच असतात. पहिली पाच मिनिटं सावकाश चालवा, थांबा, मोटरला हात लावून बघा, कागदाची पट्टी परत एकदा घाला. नवीन प्लॅस्टिक गिअर पहिल्या एक-दोन बॅटऱ्यांत बसतो आणि फट किंचित वाढते. मोटरचे दोन्ही स्क्रू तेव्हा पुन्हा आवळा आणि तुमच्या ट्रकच्या दातांचे चारही आकडे मार्करने बॉडीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.